आर्गॉस किंवा मायसीनी

एम.ए.च्या वर्गात ग्रीक शोकात्मिका शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर एक ओळ लिहीत आले : ‘अ‍ॅगामेम्नॉन. नाटककार : ईस्किलस. स्थळ : आर्गॉस किंवा मायसीनी.’ ही ओळ मला माझ्या शिक्षकांच्या वहीतून मिळाली होती. त्यांना ती कुठल्याशा आवृत्तीच्या तळटीपेतून मिळाली असावी. मागे एकदा पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘मॅडम, ही एकाच गावाची दोन नावे आहेत का?’’ मी म्हटले, ‘‘नाही, दोन वेगळी गावे आहेत. पण जवळजवळ आहेत.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘मग ‘किंवा’ कसे?’’

मी तेव्हा ‘नाट्यार्थाच्या दृष्टीने स्थळाला इथे फारसे महत्त्व नाही’ असे काहीतरी सांगून क्लायटेम्नेस्ट्राच्या भाषणाकडे वळले. तास संपला. उत्तर मात्र माझे मलाच पटले नव्हते. त्या ‘किंवा’चा माग काढता काढता मी जे वाचत गेले, त्यातून हा लेख झाला आहे. मी ती टेकडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, हे आरंभीच सांगून टाकते. उत्खननाची वृत्ते, नकाशे, छायाचित्रे आणि प्राचीन ग्रंथकार एवढीच माझी साधने. तरीही एका अव्ययामागे एक अख्खे नगर गाडले गेले आहे, हे दिसायला तेवढी पुरेशी ठरली.

*

ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपनीझ या द्वीपकल्पात आर्गॉसचे सुपीक मैदान आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात दोन उंच डोंगरांच्या मध्ये एक बुटकी टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची जेमतेम २८० मीटर. दक्षिणेला खोल घळ, मागे डोंगर, समोर थेट समुद्रापर्यंत पसरलेले मैदान आणि कॉरिंथकडे जाणाऱ्या वाटा. बसल्या जागेवरून मैदानातली सगळी हालचाल दिसावी आणि मैदानातून येणाऱ्याला मात्र टेकडी दोन डोंगरांच्या सावलीत सहजासहजी दिसू नये, अशी ही जागा. ज्याने ती निवडली त्याला सत्तेचे गणित चांगले कळत असले पाहिजे. हीच मायसीनी. आर्गॉस हे गाव त्याच मैदानात नैर्ऋत्येला, साधारण दहा-बारा किलोमीटरवर. दोन्ही गावे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होती, आणि बहुतेक भांडणे अशाच शेजाऱ्यांत होतात.

इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकांत ह्या टेकडीला प्रचंड दगडांची तटबंदी घातली गेली. तिचा परीघ सुमारे ९०० मीटर, जाडी सरासरी पाच-सहा मीटर. चुन्याचा लेप न देता नुसते दगडावर दगड बसवलेले. पुढच्या काळातल्या ग्रीकांना हे काम माणसांचे वाटेना, म्हणून त्यांनी ते एकाक्ष राक्षसांच्या, म्हणजे सायक्लॉप्सांच्या नावावर जमा केले. पश्चिमेकडील मुख्य दरवाजा हे मायसीनीचे सर्वांत ओळखीचे चित्र. दोन बाजूंना दोन शिळा, त्यांवर सुमारे २० टन वजनाची आडवी शिळा आणि त्या आडव्या शिळेवर भार येऊ नये म्हणून वर ठेवलेली त्रिकोणी पोकळी. ह्या पोकळीत एक पातळ शिल्पपट बसवला आहे : मध्ये एक स्तंभ, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुढचे पाय वेदीवर टेकून उभे असलेले दोन सिंह. सिंहांची मुखे वेगळ्या दगडाची करून जोडलेली होती, ती आता नाहीत. त्यामुळे तीन हजारांहून अधिक वर्षे राखण करणारे हे दोन पहारेकरी मस्तकहीन आहेत.

टेकडीच्या माथ्यावर राजवाडा होता. मधोमध मोठी वर्तुळाकार चूल असलेले दालन, समोर ओसरी, त्यापुढे चौक. दालनाचा एक कोपरा दरडीबरोबर खालच्या घळीत कोसळून गेला आहे. ईशान्येच्या टोकाला तटातून एक जिना जमिनीखाली उतरतो. सुमारे १८ मीटर खोल अंधारात गेल्यावर तो पाण्याच्या टाक्यापाशी थांबतो. बाहेरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी तिथवर आणले होते. वेढा पडला तर पाण्याविना मरायला लागू नये, ही त्यामागची चिंता. ह्या जिन्याचे बांधकाम इ.स.पू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे वैभवाच्या अगदी अखेरचे. तट जाड होत गेले, पाणी आत घेतले गेले. राज्यकर्त्यांना काहीतरी येताना दिसत होते. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला.

टेकडीबाहेर मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची नऊ थडगी आहेत. त्यांतल्या सर्वांत भव्य थडग्याला ‘अ‍ॅट्रिअसचे कोषागार’ म्हणतात. त्याच्या घुमटाची उंची साडेतेरा मीटर, आणि दारावरच्या आतील शिळेचे वजन सुमारे १२० टन. ते कोषागार नव्हते, आणि अ‍ॅट्रिअसचे होते असे म्हणायलाही आधार नाही. मायसीनीत नावे आणि वस्तू यांची गाठ फार क्वचित पडते. हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

*

नावे आणि वस्तू यांची गाठ मारण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न हाइन्रिख श्लीमान ह्या जर्मन व्यापाऱ्याने केला. व्यापारात गडगंज पैसा मिळवून त्याने तो होमरच्या शोधात घातला. ट्रॉयनंतर ऑगस्ट १८७६ मध्ये तो मायसीनीत उतरला. त्याच्या हाती होते पॉसेनिअस ह्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवाशाचे वर्णन. पॉसेनिअसने सिंहद्वार पाहिले होते, तट पाहिले होते. त्याने असेही नोंदवले होते की अ‍ॅगामेम्नॉन आणि त्याच्याबरोबर मारले गेलेले लोक तटाच्या आत पुरलेले आहेत. क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा जार इजिस्थस यांना मात्र आत विसावण्याचा अधिकार नाही म्हणून त्यांना थोडे बाहेर पुरले. आता हा ‘तट’ कोणता? बहुतेक विद्वान म्हणत, खालच्या वस्तीभोवतीचा. श्लीमान म्हणाला, सिंहद्वाराचा.

आणि सिंहद्वारातून आत शिरताच उजव्या हाताला, जमिनीखाली, त्याला दगडी फळ्यांनी वेढलेले एक वर्तुळ आणि त्यात खोल खोदलेल्या कबरी सापडल्या. पाच त्याने उघडल्या, सहावी पुढच्या वर्षी ग्रीक अधिकारी स्टामाटाकिस यांनी. एकूण १९ माणसे. पुरुषांच्या चेहऱ्यांवर सोन्याचे मुखवटे, खंजिरांच्या पात्यांवर जडावाची शिकारदृश्ये, सोन्याचे पेले, आणि दोन तान्ही मुले सोन्याच्या पत्र्यात गुंडाळलेली. होमर मायसीनीला सुवर्णसंपन्न म्हणतो, त्याची जणू पावतीच मिळाली. श्लीमानने ग्रीसच्या राजाला तार केली की अ‍ॅगामेम्नॉनची आणि त्याच्या सोबत्यांची थडगी सापडली आहेत. ‘मी अ‍ॅगामेम्नॉनच्या मुखाचे दर्शन घेतले’ हे त्याच्या नावावर फिरणारे वाक्य त्या तारेत नाही. पण लोकांनी ते त्याला बहाल केले आणि त्यानेही आपल्या वागण्याने त्याला कधी आडकाठी केली नाही.

अडचण कालगणनेची होती. ग्रीक परंपरेने ट्रॉयचा पाडाव इ.स.पू. ११८४ मध्ये धरला आहे. कबरींतील माणसे इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपासची आहेत. म्हणजे तो मुखवटा कोणाचाही असो, त्याचा धनी ट्रॉयच्या कल्पित युद्धाआधी तीन-चारशे वर्षे मरून गेला होता. शिवाय गंमत अशी, की पॉसेनिअसच्या काळी ह्या कबरी केव्हाच मातीखाली गेल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या असणे शक्य नाही. स्थानिक लोकांनी सांगितलेली ऐकीव गोष्ट त्याने लिहिली; ती श्लीमानने जास्तच शब्दश: वाचली; आणि त्या वाचनाने तो अगदी बरोबर जागी पोहोचला, पण भलत्याच माणसांपाशी. साहित्याच्या अभ्यासकाने ह्या प्रसंगावर थोडे थांबावे असे मला वाटते. चुकीचे वाचन नेहमी रिकाम्या हाताने परत येते असे नाही. पण हाती जे येते ते आपण शोधायला निघालो तेच आहे असे मानण्याचा मोह मात्र भयंकर असतो. तो मुखवटा आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि जग त्याला अजूनही ‘अ‍ॅगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणूनच ओळखते.

*

मग खुद्द मायसीनीची माणसे स्वत:विषयी काय सांगतात? ती लिहीत असत, हे १९५० च्या दशकात निश्चित कळले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अ‍ॅलन वेस यांनी १९५० पासून तटाबाहेरच्या काही घरांचे उत्खनन केले तेव्हा मातीच्या छोट्या पाट्या मिळाल्या. त्यांवरची लिपी ‘रेषालिपी ब’ ह्या नावाने आधीच माहीत होती. क्रीट बेटावर आणि पायलॉस येथे ती मोठ्या प्रमाणावर सापडली होती. पण ती वाचता येत नव्हती. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस ह्या तरुण वास्तुविशारदाने ती उलगडली आणि पुढे जॉन चॅडविक ह्या भाषाशास्त्रज्ञाच्या साथीने दाखवून दिले की ती भाषा ग्रीकच आहे, होमरच्या कित्येक शतके आधीची ग्रीक.

केवढी उत्कंठा असेल त्या क्षणी! होमरच्या वीरांची भाषा त्यांच्याच काळातल्या हस्ताक्षरात वाचायला मिळणार होती. पाट्या वाचल्या गेल्या आणि त्यांतून हिशेब बाहेर पडले. इतके तेल. इतकी लोकर, अमक्याला. मायसीनीतल्या एका घरातील पाट्यांवर मसाल्यांच्या याद्या आहेत : धने, जिरे, बडीशेप, तीळ, पुदिना. नावांपुढे मापे. तिळाला तिथे ‘सासामा’ म्हटले आहे आणि जिऱ्याला ‘कुमिनो’. आपल्या स्वयंपाकघरात धने-जिरे हा जोडशब्द जितका सहज, तितक्याच सहजपणे ती नावे त्या कारकुनाने एकाखाली एक लिहिली आहेत. एकही काव्यपंक्ती नाही, एकही प्रार्थना नाही, एकाही युद्धाचे वर्णन नाही. अ‍ॅगामेम्नॉनचे नाव कुठेही नाही.

ह्या पाट्या टिकल्या त्याही आगीमुळे. त्या कच्च्या मातीच्या होत्या. चालू वर्षाचे हिशेब लिहून पुढे मोडून टाकण्यासाठी केलेल्या. घरे जळाली तेव्हा त्या भाजल्या गेल्या आणि पक्क्या झाल्या. म्हणजे ज्या संकटाने घर संपवले त्यानेच त्याची वही जपली.

ह्या हिशेबांनी अनेकांची निराशा केली. मला तसे वाटत नाही. होमरच्या महाकाव्यात कोणी लोकर पिंजत बसत नाही असे नाही. पण तिथे लोकर पिंजणारी स्त्री ही उपमेत येते, युद्धाच्या गर्दीत क्षणभर दिसते आणि जाते. पाट्यांत ती मुख्य आहे आणि राजा एका बिरुदापुरता उरतो. काव्य आणि हिशेबवही एकाच समाजाबद्दल बोलत असली तरी एकीची साक्ष दुसरीला लावता येत नाही. काव्याने हिशेब ठेवला नाही म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि हिशेबात वीर नाही म्हणून वीरगाथेची गरज नव्हती असेही ठरत नाही.

*

अवशेषांवरून किती अनुमान करावे, हा प्रश्न काही आपल्या काळातला नव्हे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस थ्यूसिडिडीझ ह्या इतिहासकाराने तो विचारला, आणि तोही नेमका मायसीनीचे उदाहरण घेऊन. त्याचा युक्तिवाद असा : मायसीनी लहान होती, आज ती किरकोळ वाटते, पण एवढ्यावरून कवी सांगतात तेवढी मोठी मोहीम झालीच नसेल असे म्हणणे बरोबर नाही. मग तो एक कल्पना करायला सांगतो. समजा, स्पार्टा उद्या ओसाड झाले आणि फक्त देवळे व पाये उरले, तर पुढच्या लोकांचा त्याच्या सामर्थ्यावर विश्वासच बसणार नाही, कारण ते विखुरलेल्या खेड्यांचे साधे गाव आहे. आणि अथेन्सची तीच गत झाली तर त्याचे अवशेष पाहून लोक त्याला होते त्याच्या दुप्पट बलाढ्य समजतील. हे भाकीत किती खरे ठरले हे आपण जाणतोच. आजचा प्रवासी अक्रॉपलिस पाहून भारावतो आणि स्पार्टात ‘पाहण्यासारखे काही नाही’ म्हणतो.

थ्यूसिडिडीझचा हा परिच्छेद मी अनेकदा वाचला होता. पण त्यातले एक सूक्ष्म वळण माझ्या लक्षात आले नव्हते. तो मायसीनी ‘लहान होती’ असे म्हणतो. भूतकाळ. तो अ‍ॅगामेम्नॉनच्या काळाबद्दल बोलतो आहे असे मी समजत होते. पण त्याच्या जन्माच्या थोडेच आधीपर्यंत तिथे एक जिवंत नगर होते. ते गेले कुठे?

*

राजवाडे जळाल्यावर टेकडी कायमची निर्मनुष्य झाली नाही. वस्ती घटली, पण लोक राहिले. माथ्यावर, जुन्या राजवाड्याच्या जागी, पुढे एक देऊळ बांधले गेले. सिंहद्वाराच्या आत राहणारे हे लोक स्वत:ला मायसीनीकर म्हणवत होते. त्यांचे एक छोटे पण स्वतंत्र राज्य होते.

इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून आला. थर्मॉपिलीच्या खिंडीत त्याला अडवायला जे सैन्य जमले त्याची यादी हिरॉडोटसने दिली आहे. स्पार्टाचे ३०० सर्वांना ठाऊक आहेत, त्यांच्यावर चित्रपट निघाले. त्याच यादीत आहेत मायसीनीचे ८०. पुढच्या वर्षी प्लाटीआच्या लढाईत मायसीनी आणि शेजारचे टिरिन्झ यांनी मिळून ४०० माणसे पाठवली. त्यांचा बलाढ्य शेजारी आर्गॉस मात्र ह्या संपूर्ण युद्धात तटस्थ राहिला. एकाही लढाईत त्याने माणूस पाठवला नाही.

विजयानंतर ग्रीकांनी डेल्फीच्या देवस्थानाला तीन सर्पांच्या वेटोळ्यांचा एक ब्राँझचा स्तंभ अर्पण केला आणि त्यावर लढलेल्या ३१ राज्यांची नावे कोरली. त्यांत मायसीनीकरांचे नाव आहे. आर्गॉसचे नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने तो स्तंभ आपल्या नव्या राजधानीत नेला आणि आज तो इस्तंबूलच्या जुन्या अश्वशर्यतींच्या मैदानात, सर्पांची डोकी हरवून, उभा आहे.

इ.स.पू. ४६८ च्या सुमारास आर्गॉसने मायसीनीला वेढा घातला. कारणे डायडोरसने सांगितली आहेत : मायसीनी आर्गॉसचे वर्चस्व मानत नव्हती, हेरा देवीच्या मोठ्या मंदिराच्या व्यवस्थेवर हक्क सांगत होती, नेमिआच्या क्रीडामहोत्सवाचे यजमानपद मागत होती. पॉसेनिअस मात्र एकच कारण देतो, आणि ते फार मानवी आहे. तो म्हणतो, त्या ऐंशी माणसांमुळे. शेजारच्या एवढ्याशा गावाला जो मान मिळाला तो आर्गॉसला सहन झाला नाही. स्पार्टा आपल्याच संकटांत गुंतले होते, त्यामुळे मदत आली नाही. सायक्लॉप्सांचा म्हटला जाणारा तट आर्गॉसला बळाने फोडता आला नाही. अखेर उपासमारीने नगर पडले.

पुढे काय झाले याबद्दल दोन हकिकती आहेत. डायडोरस म्हणतो, सर्वांना गुलाम केले. पॉसेनिअस म्हणतो, लोक वाट फुटेल तिकडे गेले : काही जवळच्या क्लिओनाय गावी, काही उत्तर किनाऱ्यावरील केरिनिआला, आणि निम्म्याहून अधिक थेट मॅसिडोनियाच्या राजाच्या आश्रयाला. कोणतीही हकिकत धरली तरी मायसीनीकर नावाचे लोक नकाशावरून गेले. थर्मॉपिलीहून जे कोणी परत आले असतील ते तेव्हा पस्तिशी-चाळिशीचे असतील. सोन्याच्या मुखवट्याच्या धन्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्या ऐंशींपैकीही एकाचे नाव ठाऊक नाही.

*

आता त्या ‘किंवा’कडे येते.

होमरच्या ‘इलियड’मध्ये कोण कुठला याबद्दल संदिग्धता नाही. नौकांच्या प्रसिद्ध यादीत आर्गॉसची माणसे डायमीडीझच्या हाताखाली आहेत आणि अ‍ॅगामेम्नॉन मायसीनीचा राजा आहे, १०० जहाजांचा धनी. त्यानंतरच्या काळात मात्र ह्या राजावर इतरांचे दावे सुरू झाले. स्टेसिकोरस ह्या कवीने त्याला स्पार्टात नेले, पिंडरने स्पार्टाजवळच्या अमिक्लायला. पुराणकथेतला राजा आपला असणे ही त्या काळी राजकीय मिळकत होती. ज्याचा अ‍ॅगामेम्नॉन, त्याचा पेलोपनीझवर नैतिक ताबा.

ईस्किलसची ‘ओरेस्टिआ’ ही नाट्यत्रयी अथेन्समध्ये इ.स.पू. ४५८ मध्ये सादर झाली. मायसीनी पडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. त्याआधी तीनेक वर्षे अथेन्सने स्पार्टाशी फारकत घेऊन एक नवा मित्र जोडला होता : आर्गॉस. ईस्किलसच्या त्रयीत अ‍ॅगामेम्नॉन आर्गॉसचा राजा आहे. पहारेकरी आर्गॉसच्या राजवाड्याच्या छपरावर पडून मशालींच्या खुणेची वाट पाहतो. वृद्धांचा कोरस आर्गॉसचा आहे. तिसऱ्या नाटकात ओरेस्टीझ अथेन्सच्या न्यायसभेत निर्दोष ठरतो तेव्हा तो आपल्या आर्गॉसच्या वतीने अथेन्सला चिरंतन मैत्रीचे वचन देतो. संपूर्ण त्रयीत मायसीनी हा शब्द एकदाही येत नाही.

प्रेक्षागृहात त्या दिवशी बसलेल्या प्रौढ माणसांना मायसीनीचे काय झाले हे ठाऊक होते. कित्येकजण प्लाटीआला मायसीनीकरांच्या बरोबरीने लढले असतील. ईस्किलस स्वत: मॅरथॉनला लढलेला, इराणी युद्धावर नाटक लिहिलेला माणूस. त्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे अवघड आहे. त्याने हेतुत: एका मृत नगराचा वारसा त्याच्या मारेकऱ्याला दिला, असा आरोप मी करणार नाही. कवीच्या मनात शिरण्याचा श्लीमानी मोह टाळलेला बरा. पण परिणाम तोच झाला. आर्गॉसने टेकडी घेतली होती. दहा वर्षांनी टेकडीवरची गोष्टही आर्गॉसच्या नावावर चढली. आणि ती चढवणारी कलाकृती कोणती, तर सूड थांबून न्याय कसा सुरू होतो हे सांगणारी, जगातल्या सर्वश्रेष्ठ नाट्यत्रयींपैकी एक.

हे लिहिताना मला त्या त्रयीची थोरवी तसूभरही कमी वाटत नाही. कासांड्रा दाराशी उभी राहून ह्या घरातले सगळे जुने रक्त पाहते तो प्रवेश मी ह्यापुढेही तितक्याच ओढीने शिकवीन. पण न्यायसभेत सुटलेला ओरेस्टीझ जेव्हा मैत्रीचे वचन देतो तेव्हा त्या वचनाच्या मागे एक उपाशी ठेवून पाडलेले गाव आहे, हे वर्गात सांगितल्याशिवाय मला आता पुढे जाता येणार नाही. न्यायाच्या त्या मांडणीत ज्यांची बाजू ऐकली गेली नाही असेही कोणी होते.

पुढे सॉफोक्लीझने आपल्या ‘इलेक्ट्रा’त कथा पुन्हा मायसीनीत आणली. नाटकाच्या आरंभी वृद्ध सेवक ओरेस्टीझला आर्गॉसचे मैदान आणि मग समोरची सोनेरी मायसीनी दाखवतो. युरिपिडीझच्या नाटकांत तर आर्गॉस आणि मायसीनी ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास येतात. तोवर ते नगर उरलेच नव्हते, त्यामुळे नाव कुठेही वापरायला मोकळे झाले होते. आपल्या तळटीपांतला ‘किंवा’ इथे जन्मला. तो दिसतो निरुपद्रवी, भौगोलिक. वस्तुत: तो एका वेढ्याचा निकाल आहे, आणि तो निकाल मी दरवर्षी फळ्यावर खडूने लिहीत होते.

*

टेकडीची पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात आर्गॉसनेच तिथे आपल्या अमलाखालचे एक खेडे वसवले. तट डागडुजी करून उभे केले. ह्या खेड्याला नाटकाची हौस होती. त्यांनी सिंहद्वाराबाहेर एक छोटे प्रेक्षागृह बांधले. त्याच्या आसनांची एक ओळ आजही दिसते, आणि ती ज्या जागेवरून जाते ते पोळ्याच्या आकाराच्या एका थडग्याचे प्रवेशद्वार आहे. त्या थडग्याला पुढे ‘क्लायटेम्नेस्ट्राचे थडगे’ असे नाव पडले. प्रेक्षागृह बांधणाऱ्यांना आपल्या पायाखाली थडगे आहे याची कल्पना नव्हती. त्यांनी तिथे कोणती नाटके पाहिली हे कळायला मार्ग नाही. पण नकाशावर ती आसनांची ओळ पाहिली तेव्हा मी बराच वेळ पान उलटू शकले नाही.

पुढे तेही खेडे विरले. इसवी सनाच्या आरंभी भूगोलकार स्ट्रेबोने लिहून टाकले की मायसीनीचा आता मागमूसही सापडत नाही. तो तिथे गेला नव्हता हे उघड आहे, कारण दीडशे वर्षांनी पॉसेनिअस गेला तेव्हा सिंह जागेवरच होते. १९९९ मध्ये मायसीनी आणि टिरिन्झ यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. ऑगस्ट २०२० मध्ये आसपासच्या गवताला लागलेला वणवा अवशेषांपर्यंत पोहोचला. काही दगड काळवंडले, मोठी हानी टळली. ह्या जागेला आग नवी नाही.

त्या विद्यार्थिनीला मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. ती आता स्वत: एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. परवा फोनवर तिला हे सारे सांगितले. ऐकून ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, मग फळ्यावर काय लिहायचे?’’

मी ह्या वर्षी लिहिले ते असे : ‘स्थळ, होमर : मायसीनी. स्थळ, ईस्किलस : आर्गॉस. मधल्या काळात काय घडले ते वहीत उतरवून घ्या.’ एका ओळीच्या तीन ओळी झाल्या, आणि त्या दिवशी क्लायटेम्नेस्ट्राच्या भाषणापर्यंत तास पोहोचलाच नाही.